राजाश्रय, विहार आणि उपासकाचे घर : मंगोलियातील धम्माचा इतिहास

बौद्ध धम्माच्या आशियातील प्रसाराचा विचार करताना श्रीलंका, ब्रह्मदेश, थायलंड, तिबेट, चीन आणि जपान या देशांची नावे आपल्याकडे सहज घेतली जातात. मंगोलियाचा उल्लेख मात्र क्वचितच होतो. झालाच तर तो चेंगीझ खानाच्या घोडदळाच्या संदर्भात होतो. वास्तविक विसाव्या शतकाच्या आरंभी या विरळ वस्तीच्या देशात 700 हून अधिक विहार होते आणि पुरुषांपैकी सुमारे एक तृतीयांश लामा होते. 1937 ते 1939 या अवघ्या तीन वर्षांत ही सारी व्यवस्था जवळजवळ नाहीशी झाली. पुढे अर्धशतकानंतर, 1990 मध्ये, त्याच भूमीवर धम्म पुन्हा प्रकट झाला. इतकी मोठी संस्था इतक्या अल्पकाळात का कोसळली आणि ती कोसळल्यावरही धम्म कोठे टिकून राहिला, हे दोन प्रश्न केवळ मंगोलियापुरते मर्यादित नाहीत. ज्या भारतभूमीत धम्माचा उदय झाला आणि जेथून तो शतकानुशतके लुप्तप्राय झाला, त्या भूमीतील बौद्धांनी तरी त्यांचा अभ्यास अवश्य केला पाहिजे.

खानाच्या दरबारातील धम्म

इ.स. 1206 मध्ये ओनोन नदीकाठी भरलेल्या सभेत तेमुजिन याला चेंगीझ खान ही पदवी मिळाली आणि विखुरलेल्या टोळ्यांचे एक राष्ट्र झाले. मंगोल लोक तेव्हा 'तेंग्री' म्हणजे निळ्या आकाशाची उपासना करीत. रोग, मृत्यू आणि दुष्काळ यांवर उपाय सांगणारा शमन हा त्यांचा धर्माधिकारी होता. चेंगीझने निरनिराळ्या धर्मांच्या आचार्यांना करमाफी दिली, परंतु स्वतः कोणताही नवा धर्म स्वीकारला नाही.

धम्माशी निकटचा संबंध त्याच्या नातवांच्या काळात आला. 1247 मध्ये गोदान खान आणि तिबेटातील विद्वान आचार्य साक्य पंडित यांची भेट झाली. साक्य पंडितांचे पुतणे फाग्पा हे पुढे कुबलाई खानाचे गुरू झाले. 1269 मध्ये त्यांनी साम्राज्यातील सर्व भाषांसाठी एक चौकोनी वळणाची लिपी सिद्ध केली. बाह्यतः हा धम्माचा मोठा विजय होता. परंतु तो विजय दरबारापुरता होता. गवताळ मैदानात मेंढ्या आणि घोडे राखणाऱ्या सामान्य माणसापर्यंत धम्म फारसा पोहोचलाच नव्हता. म्हणूनच 1368 मध्ये चीनमधील मंगोल सत्ता संपुष्टात आली, तेव्हा तिच्या आश्रयाने उभा असलेला धम्मही क्षीण झाला आणि सामान्य जन शमनांकडेच राहिले.

दुसरे आगमन

त्यानंतर दोनशे वर्षांनी, 1578 मध्ये, कोकोनोर सरोवराच्या परिसरात अल्तान खान आणि तिबेटी आचार्य सोनम ग्यात्सो यांची भेट झाली. 'दलाई लामा' ही उपाधी याच भेटीत अल्तान खानाने दिली. 'दलाई' हा मंगोल शब्द असून त्याचा अर्थ सागर असा आहे. मात्र या भेटीचे खरे महत्त्व उपाधीत नाही. मृत सरदाराबरोबर माणसे आणि पशू यांचा बळी देण्याची जी प्रथा होती, तिला या वेळी कायद्याने बंदी घालण्यात आली. करुणेचा विचार प्रत्यक्ष सामाजिक नियमात उतरला तो असा. जुन्या रक्तपिपासू पूजाविधींच्या जागी अहिंसेचे व्रत आले आणि सामान्य कुटुंबाच्या जीवनात धम्माला प्रवेश मिळाला.

लवकरच, 1585-86 च्या सुमारास, अबताई खानाने जुन्या राजधानीच्या, काराकोरमच्या, अवशेषांजवळ एर्देने झू हा विहार उभारला. त्याच्या तटबंदीवर 108 स्तूप आहेत. सतराव्या शतकात झनाबझार (1635-1723) यांच्या रूपाने मंगोलियाला थोर धर्माचार्य आणि तितकाच थोर शिल्पकार लाभला. त्यांनी घडविलेल्या पंचबुद्धांच्या आणि तारेच्या मूर्ती आशियाई कलेच्या इतिहासात मानाचे स्थान मिळवून आहेत. 1686 मध्ये त्यांनी मंगोल, तिबेटी आणि संस्कृत या तिन्ही भाषा लिहिता याव्यात म्हणून सोयोम्बो लिपी निर्माण केली. तिचे आद्य चिन्ह आज त्या देशाच्या राष्ट्रध्वजावर आहे. बुद्धवचनाचा संग्रह असलेल्या कंजूरचे मंगोल भाषांतर 1628-29 मध्ये लिग्दान खानाच्या काळात पूर्ण झाले आणि 1718-20 मध्ये त्याचे 108 खंड छापले गेले.

भारताचे शब्द, पायी फिरणारे लामा

धम्माबरोबर भारताची भाषाही त्या मैदानात गेली. मंगोल भाषेत धर्माला 'शाशिन' म्हणतात. तो आपला 'शासन' हा शब्द होय. 'रत्न' तेथे 'एर्देने' झाले, 'क्षण' 'अग्शिन' झाला आणि 'संसार' या शब्दाने तेथील लोक आज अंतराळाचा निर्देश करतात. वारांची परंपरागत नावे तर आपल्या वाचकाला ऐकताक्षणीच ओळखता येतील : आद्या, सुम्या, अंगारग, बुद, बर्हस्बदि, सुगर आणि संचिर.

यांतील आणखी एक शब्द विशेष ध्यानात घेण्यासारखा आहे. भिक्षा मागत पायी फिरणाऱ्या लामाला मंगोल लोक 'बदरचिन' म्हणतात. त्यातील 'बदर' म्हणजे भिक्खूचे 'पात्र'. हे बदरचिन पाठीवर लाकडी चौकटीचे ओझे घेऊन ल्हासा, कुंबुम आणि वुताई पर्वत येथपर्यंत महिनोन्महिने चालत जात. वाटेत लागणाऱ्या प्रत्येक तंबूत त्यांना आसरा मिळे आणि त्या मोबदल्यात ते दूरदेशीच्या वार्ता व धम्मकथा सांगत. मंगोल लोककथांतील बदरचिन हा चतुर असतो, दांभिक श्रीमंताची फजिती करतो आणि गरिबाच्या बाजूने बोलतो. ज्या देशात गाव असे फारसे नव्हते, तेथे विहार आणि उपासक यांना जोडणारा हा चालता दुवा होता.

वैभवाची दुसरी बाजू

तथापि, या इतिहासाकडे केवळ अभिमानाने पाहून भागणार नाही. विहार वाढले तसे त्यांचे वैभवही वाढले. प्रत्येक मोठ्या विहाराचे 'जस' नावाचे भांडार असे आणि त्याच्या मालकीचे पशुधन अफाट असे. हे पशू राखणारी कुटुंबे 'शावी' म्हणून ओळखली जात. या शब्दाचा मूळ अर्थ शिष्य. पण व्यवहारात शावी हा विहाराच्या मालकीचा राबणारा मनुष्य होता. ज्या तथागताने संघात जन्माचा आणि संपत्तीचा भेद मानला नाही, त्याच्या नावाने उभ्या असलेल्या विहाराच्या दारात वेठीचा मनुष्य उभा राहावा, ही विसंगती साधी नव्हती.

दुसरा दोष भाषेचा होता. कंजूरचे मंगोल भाषांतर उपलब्ध असूनही बहुतेक विहारांत पठण तिबेटी भाषेतच होत असे. उपासकाने श्रद्धेने ऐकावे, दान द्यावे आणि समजण्याचा आग्रह धरू नये, असा प्रघात पडला. तिसरा दोष राजकीय होता. मांचू सम्राटांनी मंगोलांना शांत ठेवण्यासाठी विहारांना उत्तेजन दिले. त्याच वेळी झनाबझार यांच्या परंपरेतील दुसऱ्या आचार्यांच्या निधनानंतर त्यांचे पुढील अवतार मंगोलियात न शोधता तिबेटातच शोधले जावेत असा हुकूम काढला. राष्ट्राचा सर्वोच्च धर्मगुरू राष्ट्रातूनच येऊ नये, हा त्यामागील हेतू उघड होता.

या परिस्थितीला अपवाद नव्हते असे नाही. गोबी वाळवंटातील खामार विहाराचे आचार्य दंझनरवजा (1803-1856) हे कवी आणि नाटककार होते. त्यांनी लोकांच्या भाषेत काव्य रचले, नाट्यगृह उभारले आणि सामान्य घरांतील मुलांसाठी, मुलींसह, शिक्षणाची सोय केली. परंतु अपवादांनी व्यवस्था बदलत नाही.

संहार

1911 मध्ये मांचू सत्ता कोसळताच मंगोलियाने स्वातंत्र्य जाहीर केले आणि आठवे जेब्त्सुन्दाम्बा हे 'बोग्द खान' म्हणून राजपदावर बसले. धर्मसत्ता आणि राजसत्ता एकाच आसनावर आल्या. 1921 मध्ये क्रांती झाली. 1924 मध्ये बोग्द खानाचे निधन झाले, लोकप्रजासत्ताकाची घोषणा झाली आणि नव्या राजवटीने पुढे त्यांच्या अवताराचा शोध घेण्यास मनाई केली.

येथे एक गोष्ट आवर्जून नमूद केली पाहिजे. प्रारंभीच्या वर्षांत धम्म आणि क्रांती यांचा समेट अशक्य मानला जात नव्हता. विद्वान जामत्सरानो यांच्यासारखे क्रांतिकारक बुद्धाच्या मूळ शिकवणुकीत समतेचा आधार पाहत होते. काही विचारी लामा विहारांची संपत्ती आणि शिथिल आचार यांची शुद्धी करण्यास पुढे आले होते. सुधारणेची ती संधी होती. परंतु तिला अवधीच मिळाला नाही. 1929 नंतर विहारांचे पशुधन सक्तीने काढून घेण्यात आले. त्यातून 1932 चा उठाव झाला आणि तो रक्तपाताने दडपला गेला. पंतप्रधान गेंदेन यांनी लामांचा समूळ नाश करण्याच्या स्टालिनच्या आग्रहाला विरोध केला. 1936 मध्ये त्यांना पदच्युत करण्यात आले आणि 1937 मध्ये मॉस्को येथे त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. जामत्सरानो 1942 मध्ये सोव्हिएत तुरुंगात मरण पावले.

1937 च्या शरद ऋतूपासून मार्शल चोइबाल्सान यांच्या हुकमतीखाली जे सुरू झाले, त्याला संहार हाच शब्द योग्य आहे. सुमारे तीस हजार माणसे ठार करण्यात आली; त्यांपैकी 17 ते 18 हजार लामा होते. विहार जाळले गेले, ग्रंथ नष्ट झाले, धातूच्या मूर्ती वितळविण्यात आल्या. स्वतः चोइबाल्सान बालपणी विहारात श्रामणेर म्हणून राहिलेले होते, ही इतिहासाची एक कठोर नोंद आहे.

विहारांतील दोष खरे होते. पण त्या दोषांचे परिमार्जन वधाने होत नाही. ज्या शावीच्या नावाने हे केले गेले, त्याच्या हातीही शेवटी स्वातंत्र्य आले नाही. केवळ मालक बदलला.

मातीखाली ठेवलेला ठेवा

विहार गेले, लामा गेले. मग धम्म कोठे राहिला? याचे उत्तर खामार विहाराच्या कथेत मिळते. दंझनरवजांच्या वस्तूंची पिढ्यान्‌पिढ्या राखण करणाऱ्या घराण्यातील तुदेव नावाच्या गृहस्थाने विहार उद्ध्वस्त होण्यापूर्वी रात्रीच्या अंधारात हस्तलिखिते, मूर्ती आणि वस्त्रे यांच्या 64 पेट्या वाळवंटात नेऊन पुरल्या. पकडले गेल्यास मृत्यू निश्चित होता. त्याने ते गुपित अर्धशतक जपले आणि आपल्या नातवाच्या स्वाधीन केले. 1990 नंतर नातवाने त्या पेट्यांपैकी काही उकरून काढल्या आणि साइन्शांद येथे त्यांचे संग्रहालय उभे राहिले.

तुदेव यांचे नाव इतिहासात राहिले. अनेकांचे राहिले नाही. कित्येक घरांत बुद्धमूर्ती पेटीच्या तळाशी कपड्यांखाली ठेवली गेली. जिवंत राहिलेल्या लामांना चीवर उतरवून संसारी व्हावे लागले. त्यांच्यातील काहींनी दार लावून आपल्या मुलानातवंडांना पाठ शिकविले. 1944 मध्ये राजधानीतील गंदन विहार पुन्हा उघडण्यात आला खरा, पण तो शासनाच्या नजरेखालचा एकमेव चालू विहार होता. देशभर धम्म जपला तो आजी-आजोबांनी.

पुनरुदय

डिसेंबर 1989 मध्ये उलानबातरच्या चौकात लोकशाहीची मागणी झाली आणि मार्च 1990 मध्ये सत्ताधारी मंडळाने रक्ताचा थेंब न सांडता राजीनामा दिला. योगायोग असा की, त्याच जानेवारीत भारताचे राजदूत म्हणून लडाखचे भिक्खू कुशोक बकुला रिनपोछे तेथे दाखल झाले होते. सन 2000 पर्यंत, दहा वर्षे, ते त्या पदावर राहिले. उध्वस्त विहार उभारणे, तरुणांना दीक्षा देणे, त्यांना शिक्षणासाठी भारतात पाठविणे ही कामे त्यांनी अखंड केली. 1999 मध्ये त्यांनी उलानबातर येथे पेथुब विहार स्थापन केला. 1938 मध्ये हलविण्यात आलेल्या गंदन विहारातील अवलोकितेश्वराच्या भव्य मूर्तीच्या जागी, लोकांच्या दानातून, 1996 मध्ये 26 मीटर उंचीची नवी मूर्ती उभी राहिली. 2022 मध्ये कपिलवस्तू येथील पवित्र अस्थिधातू भारतातून दर्शनासाठी तेथे नेण्यात आले, तेव्हा लोकांनी मोठी गर्दी केली.

तरीही चित्र सर्वस्वी उजळ नाही. 2020 च्या जनगणनेनुसार तेथील प्रौढांपैकी निम्म्याहून थोडे अधिक लोक स्वतःला बौद्ध म्हणवितात. सुमारे 40 टक्के लोक कोणताच धर्म मानत नाहीत. घराने श्रद्धा जपली, पण ज्ञान जपणे घराला शक्य झाले नाही, कारण ते ज्ञान घराच्या भाषेत कधी पुरेसे दिलेच गेले नव्हते. आज तेथील काही विहार मंगोल भाषेत पठण आणि प्रवचन करू लागले आहेत, ही म्हणूनच सर्वांत आशादायक घटना मानावी लागेल.

बोध

नोव्हेंबर 1956 मध्ये काठमांडू येथील जागतिक बौद्ध परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्ध आणि कार्ल मार्क्स यांच्या मार्गांची तुलना केली. दुःखाचा आणि शोषणाचा अंत हे उद्दिष्ट दोघांचेही असले, तरी बळाने घडविलेला बदल बळ असेतोवरच टिकतो आणि मन बदलून घडविलेला बदल टिकाऊ असतो, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा होता. मंगोलियात 1990 साली बळ निघून गेले आणि या विधानाची प्रचिती आली.

परंतु त्याच इतिहासाचा दुसरा अर्धा भाग आपल्यासाठी आहे. राजाश्रयाने आलेला धम्म राजाबरोबर गेला. संपत्तीने फुगलेला विहार संकटकाळी स्वतःलाही वाचवू शकला नाही, कारण राबणाऱ्या शावीला तो आपला वाटत नव्हता. टिकला तो उपासकाने स्वतःचा म्हणून जपलेला धम्म. आज आपल्या वस्त्यावस्त्यांत विहार उभे राहत आहेत. त्यांच्या भिंती किती उंच झाल्या याची मोजदाद आपण जरूर ठेवावी. पण त्या विहारात जे सांगितले जाते, ते घरातील आजीला आणि नातीला आपल्या भाषेत समजते काय, ही विचारणा त्याहून अगत्याची आहे. दंझनरवजांच्या शाळेत शिकलेल्या मुलींची संख्या थोडी होती. ती मोठी असती, तर 1990 मध्ये मंगोलियाला मूर्तींबरोबर जाणत्या उपासिकाही सापडल्या असत्या.