शुभवर्तमानाचें वाङ्मय आणि पाद्री स्टीफन्स यांचें पुराण

ज्युबिलीच्या मंगलप्रसंगीं देवळाची पायाभरणी, घंटा, वेदी यांची हकीकत सांगावी, ही रीतच आहे. प्रस्तुत लेखकास मात्र एका निराळ्या वारशाचें स्मरण द्यावयाचें आहे. शुभवर्तमान हें वाङ्मय म्हणूनही वाचावें, असें कोणी म्हटलें कीं आपल्यांतील पुष्कळांच्या कपाळास आठी पडते. ही नवशिक्षितांची टूम असून तिनें श्रद्धा ढिली होते, असें त्यांस वाटतें. परंतु मराठी ख्रिस्ती मनुष्यानें हें वाचन चारशें वर्षांपूर्वींच केलेलें आहे.

दादरचें पोर्तुगीज चर्च फ्रान्सिस्कन साधूंनीं १५९६ सालीं उभारलें. त्यानंतर अवघ्या वीस वर्षांनीं गोव्यांतील सासष्टी प्रांतीं पाद्री थॉमस स्टीफन्स यांचें 'क्रिस्तपुराण' छापून निघालें. हे येशूसंघीय इंग्रज धर्मगुरु १५७९ सालीं गोव्यास आले व तेथेंच १६१९ सालीं निवर्तले. ग्रंथाच्या ओव्या सुमारें ११,०००. पहिल्या पुराणांत ३६ अवस्वरू असून त्यांत सृष्टीच्या उत्पत्तीपासून तारकाच्या प्रतीक्षेपर्यंतची कथा आहे. दुसऱ्यांत ५९, व त्यांत प्रभु येशूचें चरित्र.

हें पुराण कां रचिलें, तें त्यांतच सांगितलें आहे. धर्मशिक्षणाच्या वेळीं एका नवख्रिस्ती ब्राह्मणानें पाद्रीबाबांस विचारलें कीं, आमचीं जुनीं पुराणें तुम्हीं वर्ज्य केलींत, मग त्यांच्या जागीं दुसरें कां देत नाहीं? या प्रश्नांत जिज्ञासा आहे तशी व्यथाही आहे. पोर्तुगीज अमलानें ज्याचे ग्रंथ हिरावून घेतले, त्याला निव्वळ प्रश्नोत्तरी पुरेना. त्याला कथा हवी होती, आणि ती ओवींत हवी होती. ही गोष्ट झांकून पुराणाचा नुसता गौरव करणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं.

पाद्रीबाबांनीं तें मागणें ओळखलें. त्यांनीं वैकुंठ हा शब्द स्वर्गासाठीं योजिला, श्रोत्यांस मध्येंच शंका विचारूं दिल्या, आणि मराठी भाषेची मुक्तकंठानें स्तुति केली. ग्रंथ देशी लिपींत छापावा अशीही त्यांची तळमळ होती. परंतु १६०८ सालच्या एका पत्रांत ते लिहितात कीं, युरोपांत २४ सांचे पुरतात, तेथें या लिपीस ६०० लागतात. शेवटीं पुराण रोमन अक्षरांतच निघालें.

आतां मूळ शुभवर्तमानाकडे पाहूं. संत मार्काची लेखणी घाईची. 'लागलेंच' हा शब्द तिला सुटतां सुटत नाहीं. संत लूक थियफिलास उद्देशून, आधींच्या लेखकांचा उल्लेख करून, इतिहासकाराच्या ऐटींत प्रारंभ करतो. त्याच्याच पंधराव्या अध्यायांतील उधळ्या पुत्राची कथा अवघ्या २२ ओळींची आहे. बाप धांवत येतो, मेजवानी होते. थोरला पुत्र मात्र रागावून दाराबाहेर उभा. बाप त्याची समजूत घालतो, आणि कथा तेथेंच थांबते. तो आंत गेला कीं नाहीं? संत लूक सांगत नाहीं. पुराणाची रीत विस्ताराची; शंका निघाली कीं तिचें निरसन व्हावयाचेंच. या एका बाबतींत शुभवर्तमानाचें मौनच आम्हांस सरस वाटतें, हें पाद्रीबाबांविषयींचा आदर राखून नमूद करतों.

पुढें १६८४ सालीं पोर्तुगीज सरकारनें देशी भाषेविरुद्ध फर्मान काढलें. १६१६, १६४९ व १६५४ या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज हातीं नाहीं. ग्रंथ तगला तो हस्तलिखितांनीं व गाणाऱ्या कंठांनीं. १९०७ सालीं मंगळूर येथें श्री. सालढाणा यांनीं तो रोमन लिपींत पुन्हां छापिला. मुंबईंत दीर्घकाळ राहिलेले अमेरिकन मिशनरी जस्टिन ॲबट यांनीं लंडनमधील देवनागरी पोथीकडे विद्वानांचें लक्ष वेधलें, आणि १९५६ सालीं पुण्याहून श्री. बांदेलू यांनीं संपादिलेली देवनागरी आवृत्ति निघाली. म्हणजे पाद्रीबाबांची लिपीची इच्छा ३४० वर्षांनीं पुरी झाली!

मुंबईंतही १९४८ सालीं मराठी संशोधन मंडळ निघालें. त्याचे संचालक प्रा. अनंत काकबा प्रियोळकर यांनीं या जुन्या ख्रिस्ती मराठी वाङ्मयाचा व्यासंग केला. ते स्वतः ख्रिस्ती नव्हते. आपल्या घरांतील ठेवा शेजाऱ्यानें उजेडांत आणिला. आपल्यापैकीं कितीजणांनीं तो अजून उघडला आहे?