हुसैनीवाल्याची वाट

फिरोजपुराहून सतलजेकडे जाणारा हा रस्ता दहाबारा किलोमीटरांचाच; दुतर्फा शेते, पुढे सरहद्द. फाळणीपूर्वी मात्र तो नदी ओलांडून कसूरमार्गे थेट लाहोरास पोचत असे.

23 मार्च 1931 रोजी लाहोरच्या तुरुंगात भगतसिंग, राजगुरू व सुखदेव यांना फाशी झाली. लोकक्षोभाच्या भयाने सरकारने त्यांचे देह रातोरात हुसैनीवाल्यास आणून नदीकाठी जाळले. पुण्याजवळच्या खेडचा शिवराम हरी राजगुरू असा सतलजेच्या मातीस मिळाला.

1947 मध्ये रॅडक्लिफच्या रेषेने ही भूमी पाकिस्तानात गेली. 1961 च्या अदलाबदलीत ती भारतास परत मिळाली. 1968 मध्ये तेथे स्मारक उभारले गेले. 1965 मध्ये निवर्तलेल्या बटुकेश्वर दत्तांचे दहनही, त्यांच्या इच्छेनुसार, येथेच झाले.

1971 च्या युद्धानंतर ये-जा खुंटली. आता रस्ता व लोहमार्ग दोन्ही येथेच संपतात. ज्या दिशेने हुतात्म्यांचे देह चोरून आणले, तिकडून आज कोणी येत नाही. फिरोजपुराकडून मात्र दर 23 मार्चला माणसे उघडपणे फुले घेऊन येतात. राज्यकर्त्यांना जे लपवावयाचे होते, त्याचीच खूण ही वाट सांगते.