पानाचा मान

लग्नाच्या पंक्तींत कोणाचें पान अग्रभागीं मांडावयाचें, हें केवळ पानावर बसणाराच्या गुणांवरून ठरत नाहीं. तें यजमानाच्या दृष्टीवरून ठरतें. एका घरीं वयाला मान, दुसऱ्या घरीं विद्येला, तर तिसऱ्या घरीं सोयरिकीला. तोच गृहस्थ एका मांडवांत पहिल्या पाटावर बसतो आणि दुसऱ्या मांडवांत खांबाआड जातो. इंटरनेटवरील शोधयंत्रांच्या व्यवहारांतहि असाच प्रकार दृष्टीस पडतो. संकेतस्थळ एकच आणि विचारलेला प्रश्नहि एकच. परंतु एक यंत्र त्याला अग्रपूजेचा मान देतें आणि दुसरें त्याला यादीच्या तळाशीं लोटतें. असें कां व्हावें, या प्रश्नाचें उत्तर या यंत्रांच्या सुमारें तीन तपांच्या इतिहासांत सांपडतें.

या दृष्टीनें इंग्लंडमधील एक हकीकत बोधप्रद आहे. अॅडम व शिवॉन रॅफ या दांपत्यानें ‘फाउंडेम’ नांवाचें संकेतस्थळ काढिलें होतें. निरनिराळ्या दुकानांतील वस्तूंच्या किंमती एकत्र मांडून ग्राहकाला तुलना करूं देणें, हा त्याचा उद्योग. २००६ च्या जूनमध्यें गूगलच्या उत्तरांतून हें संकेतस्थळ जवळजवळ दिसेनासें झालें. याहू व मायक्रोसॉफ्ट यांच्या यंत्रांवर मात्र तशाच प्रश्नांना तें वरच्या क्रमांकांत झळकत होतें. संकेतस्थळांत कांहींच पालट झाला नव्हता. पालट होता तो पारखणाऱ्यांच्या कसोट्यांत.

या कसोट्या समजण्यासाठीं प्रथम यंत्राची कार्यपद्धति ध्यानीं घेतली पाहिजे. प्रश्न विचारल्याबरोबर कोणतेंहि शोधयंत्र जगभर धांव घेत नाहीं. त्यानें आपलें काम आधींच करून ठेविलेलें असतें. त्याचे संचारी कार्यक्रम एका पानावरील दुव्यावरून दुसऱ्या पानावर जात पानें गोळा करितात. त्या पानांतील शब्दांची, ग्रंथाच्या अखेरीस असते तशी, एक अवाढव्य सूची तयार होते; आणि प्रश्न आला म्हणजे त्या सूचींतून निवडलेलीं पानें कांहीं एका क्रमानें मांडिलीं जातात. संग्रह, सूची व क्रम या तिन्ही ठिकाणीं यंत्रायंत्रांत भेद पडतो.

संग्रहाचाच भेद केवढा असे, हें एनईसी संशोधनसंस्थेंतील स्टीव्ह लॉरेन्स व ली जाइल्स या शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें. १९९८ सालीं ‘सायन्स’ या नियतकालिकांत त्यांनीं वेबवरील पानांची संख्या निदान ३२ कोटि धरिली; आणि कोणत्याहि एका यंत्राच्या संग्रहांत त्यांपैकीं फार तर एक-तृतीयांश पानें आहेत, असा निष्कर्ष काढिला. पुढच्याच वर्षीं ‘नेचर’मध्यें त्यांनीं दिलेली संख्या ८० कोटि होती आणि सर्वांत मोठ्या यंत्राचा वांटा सुमारें १६ टक्क्यांवर आला होता. जें पान संग्रहांतच नाहीं, त्याला क्रम कोठून मिळणार?

क्रमाचा इतिहास याहून मनोरंजक आहे. १९९० सालीं कॅनडांतील मॅकगिल विद्यापीठांत अॅलन एम्टेज यानें रचिलेलें ‘आर्ची’ हें साधन केवळ फाइलींचीं नांवें शोधीत असे. १९९४ सालीं स्टॅनफर्ड विद्यापीठांतील जेरी यँग व डेव्हिड फिलो यांनीं आरंभिलेली ‘याहू’ ही यादी माणसांनीं हातानें लाविलेली होती. ग्रंथपाल ज्याप्रमाणें पुस्तकें विषयवार ठेवितो, त्याप्रमाणें तेथें संकेतस्थळांची वर्गवारी केलेली असे. त्याच वर्षीं ब्रायन पिंकर्टन याच्या ‘वेबक्रॉलर’नें पानांतील कोणताहि शब्द शोधण्याची सोय केली, आणि १९९५ च्या डिसेंबरांत डिजिटल इक्विपमेंट कंपनीनें ‘अल्टाव्हिस्टा’ लोकांपुढें आणिलें. येथें कसोटी मुख्यतः शब्दांची होती. केंब्रिज येथील कॅरन स्पार्क जोन्स या विदुषीनें १९७२ सालींच असें प्रतिपादिलें होतें कीं, जो शब्द थोड्याच लेखांत आढळतो त्याला शोधाच्या कामीं अधिक वजन द्यावें. जो सर्वत्र आढळतो तो निवड करण्यास निरुपयोगी होय. शब्दांवरून क्रम लावण्याच्या शास्त्राचा हा एक मोठा आधार ठरला.

परंतु पानावर शब्द लिहिणें हें मालकाच्याच हातीं असतें. धूर्त मालकांनीं पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांनीं एकच शब्द शेंकडों वेळां लिहून यंत्राला फसविण्यास आरंभ केला. वाचकाला तीं अक्षरें दिसत नसत. यंत्र मात्र त्यांवर भुलून जाई. स्वतःच्या थोरवीची स्वतःच दिलेली साक्ष ग्राह्य धरिल्याचा हा परिणाम होता.

तेव्हां साक्ष परक्याची घ्यावी, ही कल्पना पुढें आली. शास्त्रीय वाङ्मयांत ती नवी नव्हती. कोणत्या निबंधाचा उल्लेख इतर किती निबंधांत झाला आहे, हें दाखविणारी सूची युजीन गारफील्ड यानें १९६४ सालीं प्रसिद्ध केली होती. एका पानानें दुसऱ्या पानाकडे दिलेला दुवा हाहि तसाच उल्लेख होय, हें ओळखून रॉबिन ली यानें १९९६ सालीं ‘रँकडेक्स’ हें यंत्र रचिलें. पुढें चीनमध्यें २००० सालीं ‘बायडू’ काढणारांपैकीं तो एक. १९९८ सालीं स्टॅनफर्डच्या लॅरी पेज व सर्गेई ब्रिन यांनीं या कल्पनेला निराळें गणिती रूप दिलें. दुवे केवळ मोजावयाचे नाहींत, तोलावयाचे. ज्याच्याकडे स्वतः पुष्कळ वजनदार पानें बोट दाखवितात, त्याची साक्ष अधिक मोलाची. गूगलच्या उत्कर्षाचें बीज या विचारांत आहे. आणि त्याच १९९८ सालीं बिल ग्रॉस यानें ‘गोटू’ हें यंत्र काढून अगदीं उघडपणें असें जाहीर केलें कीं, जो अधिक दाम मोजील त्याचें पान वर.

एकाच वर्षीं शब्द, साक्ष आणि द्रव्य अशा तीन कसोट्या शेजारीं शेजारीं नांदत होत्या. मग एकाच संकेतस्थळाला तीन ठिकाणीं तीन क्रमांक मिळाले, तर नवल नव्हे. पेज व ब्रिन यांनीं त्या वर्षींच्या आपल्या निबंधाच्या परिशिष्टांत असाहि इशारा दिला होता कीं, जाहिरातींवर पोसलेलें शोधयंत्र स्वभावतःच जाहिरातदारांकडे झुकेल. दोनच वर्षांनीं, २००० सालीं, त्यांच्याच कंपनीनें उत्तरांच्या जोडीला जाहिराती देण्यास प्रारंभ केला.

भाषेच्या जाणकारीनेंहि क्रम बदलतो. रशियांत १९९७ सालीं आलेल्या ‘यांडेक्स’नें आपलें वैशिष्ट्य यांतच दाखविलें. रशियन भाषेंत शब्दाचीं विभक्तिरूपें फार. एकाच नामाचीं तीं सारीं रूपें ओळखणाऱ्या यंत्राला, न ओळखणाऱ्या यंत्राहून अधिक पानें सांपडणार हें उघड आहे. मराठी वाचकाला हें समजावून सांगावयास नको, कारण ‘घर’, ‘घरास’ व ‘घरांत’ हीं एकाच शब्दाचीं रूपें आहेत हें ज्या यंत्राला उमजत नाहीं, तें मराठींत आंधळेंच ठरतें. मराठींतील अनेक संकेतस्थळांवर तर पूर्वीं खासगी फाँट वापरीत. डोळ्यांना तेथें सुबक देवनागरी दिसे. यंत्राला मात्र ती परक्या अक्षरांची निरर्थक माळ भासे. युनिकोडचा प्रसार झाला तेव्हां कुठें तो मजकूर शोधण्याजोगा झाला.

पुढें आणखी एक साक्षीदार पुढें आला, तो म्हणजे वाचणारा स्वतः. उत्तरांच्या यादींत लोक कशावर बोट ठेवितात, याची नोंद यंत्रें ठेवूं लागलीं. २०११ च्या फेब्रुवारींत या गोष्टीवरून मोठा वाद झाला. गूगलच्या अभियंत्यांनीं सुमारें १०० अर्थहीन शब्द योजून त्यांना असंबद्ध उत्तरें मुद्दाम जोडिलीं, आणि स्वतःच तीं उत्तरें उघडून पाहिलीं. कांहीं आठवड्यांत त्यांपैकीं ७ ते ९ शब्दांना तींच उत्तरें मायक्रोसॉफ्टच्या ‘बिंग’वर दिसूं लागलीं. गूगलनें याला नक्कल म्हटलें. संमति दिलेल्या ग्राहकांच्या वापराची नोंद हा आपल्या अनेक आधारांपैकीं केवळ एक आधार आहे, असें मायक्रोसॉफ्टनें उत्तर दिलें. वाद कोणाच्याहि बाजूनें पाहिला, तरी त्यांतून निघणारा बोध एकच आहे. ज्याच्याकडे वाचक अधिक, त्याच्याकडे साक्षी अधिक. आणि ज्याच्याकडे साक्षी अधिक, त्याचा क्रम अधिक समाधानकारक होऊन त्याच्याकडे आणखी वाचक वळतात.

या साऱ्या भेदांचें एकत्रित फळ किती मोठें असे, तें २००५ सालच्या एका पाहणींत दिसून आलें. ‘डॉगपाइल’ या यंत्राच्या चालकांनीं पिट्सबर्ग व पेनसिल्व्हेनिया स्टेट या विद्यापीठांतील संशोधकांच्या साहाय्यानें १२,५७० प्रश्न चार प्रमुख यंत्रांना विचारिले. पहिल्या पानावरील उत्तरांपैकीं सुमारें ८५ टक्के उत्तरें चारांपैकीं एकाच यंत्रानें दिलेलीं होतीं. चारही यंत्रांत समान अशीं जेमतेम एक टक्का निघालीं. डॉगपाइलचा धंदा अनेक यंत्रांचीं उत्तरें एकत्र करून देण्याचा होता, म्हणून अशा निष्कर्षांत त्याचें हित होतें, हें विसरतां कामा नये; तथापि हे आंकडे विचार करावयास लावणारे आहेत.

मतभेद म्हणजे दोष, अशी समजूत येथें सोडून द्यावी लागते. संकेतस्थळाचा क्रमांक हा त्याच्या अंगीं असलेला, वजन-उंचीसारखा गुण नव्हे. तो एका परीक्षकाचा अभिप्राय होय. परीक्षक अनेक असले, तर एकाची चूक दुसरा भरून काढतो. परीक्षक एकच उरला, तर त्याची चूक हाच निर्णय होऊन बसतो.

दुर्दैवानें इतिहासाचा ओघ याच दिशेनें वाहत गेला. २००९ सालीं याहूनें स्वतःचा शोधसंग्रह सोडून बिंगचीं उत्तरें घेण्याचा करार केला. ‘डकडकगो’सारखीं नवीं यंत्रेंहि मोठ्या अंशानें बिंगच्याच संग्रहावर अवलंबून राहिलीं. पाट्या पुष्कळ, पण विहिरी थोड्या, अशी ही स्थिति. २०२४ च्या ५ ऑगस्ट रोजीं अमेरिकेंतील न्यायाधीश अमित मेहता यांनीं गूगलनें शोधाच्या बाजारांत बेकायदेशीर रीतीनें मक्तेदारी राखिली, असा निर्णय दिला. तेथील सुमारें नव्वद टक्के शोध त्या एका यंत्राकडे जात होते. आणि आपलेंच यंत्र आरंभापासून समोर दिसावें यासाठीं एकट्या २०२१ सालीं गूगलनें इतर कंपन्यांना २,६०० कोटि डॉलरांहून अधिक रक्कम दिली होती, हेंहि त्या खटल्यांत उघड झालें. २०२५ च्या सप्टेंबरांत त्याच न्यायालयानें संग्रहाची व वापराच्या नोंदींची कांहीं सामग्री पात्र प्रतिस्पर्ध्यांना देण्याचा आदेश काढिला.

फाउंडेमची कथा या निर्णयांआधींच संपली होती. हलक्या दर्जाचीं पानें मागें सारण्यासाठींच आपले नियम आहेत, असें गूगलचें प्रतिपादन होतें. २००९ च्या अखेरीस फाउंडेमवरील तें सावट दूर झालें, पण मधलीं वर्षें परत आलीं नाहींत. रॅफ दांपत्याच्या तक्रारीनें ज्या चौकशीला चालना मिळाली, तिच्या शेवटीं २०१७ च्या २७ जून रोजीं युरोपीय आयोगानें गूगलला २४२ कोटि युरो दंड केला. स्वतःची किंमत-तुलनेची सेवा अग्रभागीं ठेवून प्रतिस्पर्ध्यांना मागें लोटल्याचा ठपका आयोगानें ठेविला. अत्यंत वरचा प्रतिस्पर्धीहि सरासरीनें चौथ्या पानावर पडत असे, असें त्याला आढळलें. २०२४ च्या १० सप्टेंबर रोजीं युरोपच्या सर्वोच्च न्यायालयानें हा दंड कायम केला. फाउंडेम मात्र २०१६ सालींच बंद पडलें होतें. याहूवर आणि मायक्रोसॉफ्टवर त्याला मान होता, हें खरें. पण तोंवर त्या मांडवांत पाहुणेच फारसे उरले नव्हते.

म्हणून दोन यंत्रांनीं दोन निराळे क्रम दिले, तर सुज्ञ वाचकानें गोंधळून जाण्याचें कारण नाहीं. औषध, कर्ज, शिक्षण अथवा मतदान यांसारख्या महत्त्वाच्या बाबतींत त्यानें तोच प्रश्न दुसऱ्या यंत्रालाहि विचारावा आणि उत्तरांतील अंतर लक्षपूर्वक पाहावें. जेथें तीं जुळत नाहींत, तेथेंच त्याच्या स्वतःच्या विवेकाला काम उरलेलें असतें.