सेंट हेलेना : रिकामी कबर व भरलेलें दप्तर

दक्षिण अटलांटिकांतील सेंट हेलेना बेट पोर्तुगीजांस सन १५०२ त सांपडलें. १६५९ त इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीनें तें वसविलें. १८३४ त तें राजसत्तेकडे गेलें व आजहि ब्रिटिशांकडेच आहे. २०१७ त नियमित विमानसेवा सुरू होईपर्यंत तेथें जाण्यास जहाजावांचून मार्ग नव्हता. प्रवासी नेपोलियनची कबर पाहतात. परंतु शव १८४० तच फ्रान्सला नेल्यानें ती रिकामी आहे. संशोधकानें जेम्सटाउनच्या दप्तराकडे वळावें. तेथें कंपनीच्या अमदानींतील कागद जपलेले आहेत. हिंदुस्थानांतून परतणारीं जहाजें या बेटावर थांबत, तेव्हां आमच्या इतिहासाचीं कांहीं साधनें तेथें मिळण्याचा संभव आहे. मात्र अस्सल कागद पाहिल्यावांचून निश्चित विधान करूं नये.