लॅटिनमधले मराठी मासे

गडमुडशिंगी हे कोल्हापूरच्या पूर्वेला, हुपरीच्या रस्त्यावरचे गाव. गावाच्या उत्तरेला वळिवडे-चिंचवाडच्या बाजूने पंचगंगा वाहते. अशा गावातल्या वर्गात ‘आपल्या नदीतले मासे सांगा’ म्हटले, तर रोहू, कटला आणि तिलापिया ही नावे आधी येतील असा आमचा अंदाज आहे. बाजारात दिसतात तीच. गंमत अशी, की यांतला एकही मासा मुळात पंचगंगेचा नाही. रोहू-कटला गंगेच्या खोऱ्यातले. तिलापिया तर आफ्रिकेतला. तो भारतात आणला गेला १९५२ साली.

मग पंचगंगेचे मासे कोणते? त्यासाठी जरा मागे आणि थोडे उत्तरेला, पुण्याकडे, जावे लागेल. ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करातल्या विल्यम हेन्री साइक्स या अधिकाऱ्याला मुंबई सरकारने १८२४ साली दख्खनची आकडेवारी गोळा करण्याच्या कामावर नेमले. पिके, बाजारभाव, पाऊसमान यांच्या नोंदी करता करता हा गृहस्थ पक्षी आणि मासेही टिपत राहिला. विलायतेला परतल्यावर १८३८ साली त्याने लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे दख्खनच्या माशांवर निबंध वाचला. भीमा, मुळा-मुठा या नद्यांतल्या चाळीसच्या वर जातींचे वर्णन त्यात होते, आणि त्यांतल्या बहुतेक शास्त्राला नव्या होत्या. भीमा आणि पंचगंगा दोन्ही अखेर कृष्णेलाच मिळतात. त्यामुळे यांतले कितीतरी मासे कोल्हापूरचेही आहेत.

नव्या जातीला नाव द्यायचे तर ते दोन शब्दांचे, लॅटिन धाटणीचे हवे, हा लिनियसचा नियम. दुसरा शब्द साइक्सने बहुतेक ठिकाणी आणला कुठून? थेट नदीकाठच्या बोलीतून! दगडांना चिकटून राहणाऱ्या मळ्याचे शास्त्रीय नाव आज ‘गारा मुल्ल्या’ आहे. शिंगटीचे ‘मिस्टस सींगटी’, घोगऱ्याचे ‘रीटा गोगरा’, कोळसाचे ‘हिप्सेलोबार्बस कोलस’. ‘रोहटी ओगिल्बी’ या नावात तर प्रजातीचा शब्द दख्खनचा आणि जातीचा शब्द लंडनच्या ओगिल्बी नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाचा. ही नावे काही पुस्तकात नव्हती. ती भोई-कोळ्यांच्या तोंडी होती, आणि तिथूनच ती निबंधात आली असणार. मासे धरून देणाऱ्या आणि नावे सांगणाऱ्या त्या माणसांपैकी कुणाचे नाव मात्र माशाला मिळाले नाही.

मळ्याचे ‘मुल्ल्या’ कसे झाले? त्या काळी इंग्रज लोक आपल्या ‘अ’साठी इंग्रजी ‘यू’ हे अक्षर लिहीत. दख्खन शब्दही साइक्सने त्याच रीतीने लिहिला आहे. पुढे ते स्पेलिंग युरोपीय वळणाने वाचले गेले आणि मळ्याचा मुल्ल्या झाला. ‘खुद्री’ हे महसीर माशाचे नाव या किल्लीने उलटे वाचून पाहा. आठवी-नववीच्या वर्गाला हा खेळ आवडेल.

नावांचा हा उद्योग निरुपद्रवी वाटतो, पण तसा तो नाही. साइक्सने ‘मुसल्ला’ म्हणून वर्णिलेला मासा वेगळाच, आणि दक्षिणेतल्या कावेरीत राहणारा, पाठीवर कुबड असलेला मोठा महसीर वेगळा. तरी कित्येक वर्षे कावेरीतल्या माशालाच ‘टॉर मुसल्ला’ म्हणत. हा घोळ २०१३ साली अभ्यासकांनी दाखवून दिला, आणि ‘टॉर रेमादेवी’ ही कुबडवाल्या महसीरची खरी ओळख २०१८ साली पक्की झाली. तोवर कावेरीत दुसऱ्याच महसीरची पैदास सोडली गेली होती. कोणत्या? साइक्सच्या खुद्रीची, आपल्या कृष्णेच्या खोऱ्यातल्या माशाची. लोणावळ्याला त्याची पिल्ले तयार करण्याचे कौतुकास्पद काम चाले, पण तिकडे कावेरीत तोच पाहुणा डोईजड झाला. रेमादेवी आज नामशेष होण्याच्या काठावर आहे.

पंचगंगेकडे परत येऊ. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात कलावर आणि केळकर यांचा कोल्हापूरच्या माशांवरचा लेख आला तो १९५६ साली. पुढच्याच वर्षी ओडिशात हिरालाल चौधरी यांनी पीयूषिका ग्रंथीच्या अर्काची सुई टोचून कार्प माशांना अंडी घालायला लावली. रोहू-कटल्याचे बीज हवे तेवढे तयार करण्याची वाट मोकळी झाली, आणि गावोगावच्या तळ्यांत ते पोचले. लोकांना स्वस्त मासा मिळाला, हे खरेच. पण कोल्हापूरची १९५६ची यादी त्यामुळे आता जुन्या छायाचित्रासारखी वाटते.

नदीही बदलली. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात पावसाळा सरला की खांबांच्या खाचांत बरगे घालून पाणी अडवतात आणि पावसाळ्याआधी ते काढतात. चढणीच्या माशांना पुरात वाट मिळते, ही त्यातली चांगली बाजू. मोठी धरणे तेवढीही देत नाहीत. परंतु उरलेले महिने वाहत्या नदीच्या जागी उभ्या डोहांची माळ असते. तिलापियाला ती मानवते. खळखळत्या, प्राणवायूने भरलेल्या पाण्यातल्या मळ्याला मानवत नाही. त्यात गावांचे आणि कारखान्यांचे सांडपाणी. उन्हाळ्यात पाणी काळे पडून मासे तरंगल्याची बातमी पंचगंगाकाठी कुणाला नवी वाटत नाही.

तेव्हा वर्गात एक वही घालावी. मुलांनी घरच्या म्हाताऱ्यांकडून आणि मासे धरणाऱ्यांकडून नावे लिहून आणायची, गावागावांतल्या फरकासकट. ‘मळी’ आणि ‘मळ्या’ दोन्ही आले तर दोन्ही लिहायचे, सुधारायचे नाही. सोबत तोंड कुठे वळले आहे, मिशा किती, मासा वाहत्या पाण्यातला की डोहातला, आणि शेवटचा कधी पाहिला, हेही. मळ्या हाती लागलाच तर ओल्या हाताने उलटा करून तोंडाखालची मांसल चकती मुलांना दाखवावी. तिच्याच बळावर तो धारेत दगड धरून राहतो. मग त्याला परत पाण्यात सोडावे.