पायाला बांधलेली चिठ्ठी

पिंगळा म्हटलं की आपल्याकडे दोन मूर्ती डोळ्यांपुढे येतात. एक, पहाटेच्या अंधारात कुडमुडं वाजवत दारी येणारा आणि घरातल्यांचं भविष्य सांगून धान्य घेऊन जाणारा पिंगळा जोशी. दुसरा, जुन्या वडाच्या नाहीतर चिंचेच्या ढोलीत राहणारा, तिन्हीसांजेला जोडीनं बाहेर येऊन कलकलाट करणारा मैनेएवढा पक्षी. पहिला आता क्वचितच दिसतो. दुसरा मात्र गावोगावी आहे, शहरातल्या जुन्या झाडांवरही आहे. आज मी बोलणार आहे ते या दुसऱ्या पिंगळ्याच्या एका भाऊबंदाविषयी, रानपिंगळ्याविषयी. हा पक्षी तब्बल ११३ वर्षं अभ्यासकांना दिसला नव्हता. तो पुन्हा दिसला आपल्या खानदेशात, शहाद्याजवळ. तो इतकी वर्षं का सापडला नाही आणि अखेर कसा सापडला, ही कथा पक्षी पाहणाऱ्या आणि पाहिलेलं लिहून ठेवणाऱ्या प्रत्येकानं ऐकावी अशी आहे.

पक्षी पाहण्यासारखा स्वस्त छंद नाही. दुर्बीण असली तर उत्तम, पण नसली म्हणून अडत नाही. सकाळी गावाबाहेर पडावं. विजेच्या तारेवर कोतवाल बसलेला असतो, माळावर टिटवी आरडाओरडा करते, बाभळीच्या बुडाशी सातभाईंची पंचायत भरलेली असते, ओढ्यावर खंड्या ध्यान लावून बसलेला असतो. उन्हाळा सरता सरता पावशा ‘पेरते व्हा’ म्हणू लागतो आणि शेतकऱ्याची नजर आभाळाकडे जाते. ही नावं कुणा शास्त्रज्ञानं दिलेली नाहीत. रोज रानात जाणाऱ्या माणसांनी पाहून, ऐकून दिलेली आहेत. म्हणजे पक्षी पाहण्याची सवय आपल्याला नवी नाही. उणीव आहे ती लिहून ठेवण्याची.

पाहण्याचा आनंद क्षणाचा असतो. लिहून ठेवलं की तो साठत जातो. मी माझ्या वहीत दरवर्षी धोबी पक्षी पहिल्यांदा कधी दिसला, ते लिहितो. पावसाळा संपता संपता उत्तरेकडून येणारा, शेपटी वरखाली हलवत ओल्या जमिनीवर धावणारा हा पाहुणा. एका वर्षाच्या तारखेला काही अर्थ नसतो. पण अशा दहा-पंधरा तारखा एकाखाली एक आल्या की वही आपल्याशी बोलायला लागते. यंदा लवकर आला, यंदा उशीर झाला, हे आपण अंदाजानं नव्हे तर पुराव्यानिशी म्हणू शकतो. मग पुढच्या भाद्रपदात आपण त्याची वाट पाहू लागतो. पाहुण्याच्या येण्याइतकंच सुख त्या वाट पाहण्यातही असतं.

आता रानपिंगळ्याकडे वळू. शाळेच्या पुस्तकात आपण ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे नाव पाठ केलेलं असतं. १८८५ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय सभेच्या संस्थापकांपैकी ते एक. हेच ह्यूम त्या काळातले हिंदुस्थानातले सर्वांत मोठे पक्षी अभ्यासक होते, हे मात्र पुस्तकात नसतं. सरकारी नोकरी सांभाळून त्यांनी देशभरातल्या अधिकाऱ्यांशी पत्रव्यवहार ठेवला, त्यांच्याकडून पक्ष्यांचे नमुने आणि टिपणं मागवली, आणि ती छापण्यासाठी १८७२ मध्ये ‘स्ट्रे फेदर्स’ नावाचं नियतकालिक सुरू केलं. विखुरलेली पिसं एकत्र करावीत, तशा विखुरलेल्या नोंदी त्यांना एकत्र करायच्या होत्या.

त्या काळी नोंद करण्याची रीत आजच्याहून वेगळी होती. पक्षी बंदुकीनं पाडायचा, कातडं सोलून आत कापूस भरायचा आणि पायाला एक चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीवर तीन गोष्टी असत: पक्षी कुठे मिळाला, कोणत्या तारखेला मिळाला आणि कोणी मिळवला. आज आपल्याला ती पद्धत क्रूर वाटते आणि तशी ती होतीच. पण एक गोष्ट त्या लोकांना पक्की ठाऊक होती. चिठ्ठी हरवली तर उरतं ते नुसतं पेंढा भरलेलं कातडं. खरं मोल त्या चिठ्ठीला.

ह्यूम यांचे सहकारी एफ. आर. ब्लेविट यांना १८७२ च्या डिसेंबरात, आजच्या छत्तीसगडात, एक अनोळखी पिंगळा मिळाला. नेहमीच्या पिंगळ्यासारखाच, पण जरा थोराड. डोक्यावर पांढरे ठिपके जवळजवळ नाहीत, छातीवर गडद तपकिरी रंग, पंखांवर आणि शेपटीवर रुंद पट्टे, पायांवर दाट पांढरी पिसं. १८७३ मध्ये ह्यूम यांनी ही नवी जात असल्याचं जाहीर केलं आणि तिच्या शास्त्रीय नावात ब्लेविट यांचं नाव गुंफलं. पुढे १८७७ मध्ये आजच्या ओडिशात भूगर्भशास्त्रज्ञ व्हॅलेंटाइन बॉल यांना एक मिळाला. आणि १८८० नंतरच्या काही वर्षांत जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्यानं पश्चिम खानदेशात, शहाद्याच्या परिसरात, आणखी काही नमुने मिळवले. सगळे मिळून नमुने सात, शेवटचा १८८४ चा. त्यानंतर हा पक्षी दिसेनासा झाला.

ह्यूम यांच्याविषयी इथेच एक गोष्ट सांगायला हवी. हिंदुस्थानातल्या पक्ष्यांवर एक मोठा ग्रंथ लिहिण्याची त्यांची तयारी वर्षानुवर्षं चालली होती. १८८४-८५ च्या सुमारास ते सिमल्याबाहेर गेलेले असताना त्यांच्या घरातली हस्तलिखितं, म्हणजे जवळजवळ पंचवीस वर्षांची टिपणं, नोकरानं बाजारात रद्दीच्या भावानं विकून टाकली. ह्यूम यांचं मन त्या कामातून उडालं. १८८५ मध्ये त्यांनी पक्षी आणि अंडी मिळून ८०,००० च्या आसपास नमुन्यांचा आपला प्रचंड संग्रह लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. नमुने आणि त्यांच्या चिठ्ठ्या वाचल्या. कागदांच्या पुड्या झाल्या.

पुढच्या शतकात या कथेत आणखी एक माणूस येतो. कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहॅगन. ब्रिटिश लष्करातला अधिकारी, धाडसी, बोलघेवडा आणि पक्षी अभ्यासकांच्या जगात मोठं वजन असलेला. १९३७ च्या अफगाणिस्तान मोहिमेत आपले सालिम अलीही त्याच्याबरोबर होते. १९५४ मध्ये त्यानं आपला सुमारे २०,००० नमुन्यांचा संग्रह ब्रिटिश म्युझियमच्या स्वाधीन केला. त्याच्या नावावर एक रानपिंगळाही होता. पायाला बांधलेली चिठ्ठी सांगत होती: ऑक्टोबर १९१४, तापीकाठचं मांडवी, गुजरात.

या एका चिठ्ठीनं रानपिंगळ्याचा इतिहासच बदलून टाकला. शेवटची नोंद १८८४ वरून तीस वर्षं पुढे सरकली. नकाशावर एक नवा ठिपका पडला, आणि तो सगळ्यांत ताजा असल्यामुळे सगळ्यांत भरवशाचा वाटू लागला. खुद्द सालिम अली आणि अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञ डिलन रिप्ले यांनी १९७० नंतरच्या दशकात या पक्ष्याचा शोध घेतला. त्यांना तो मिळाला नाही. पक्षी नामशेष झाला असावा, असं पुष्कळांना वाटू लागलं.

१९९० नंतरच्या दशकात पामेला रासमुसेन ही अमेरिकी संशोधिका दक्षिण आशियातल्या पक्ष्यांवरच्या ग्रंथासाठी संग्रहालयांतले जुने नमुने तपासत होती. माइनर्ट्झहॅगनच्या काही नमुन्यांविषयी आधीच शंका घेतल्या गेल्या होत्या. तिनं त्याचा रानपिंगळा नीट तपासायला घेतला. क्ष-किरणांनी आतला भाग पाहिला, भरलेला कापूस पाहिला, टाके पाहिले. हे कातडं आधी एकदा तयार केलेलं होतं आणि नंतर कुणीतरी उसवून पुन्हा भरलं होतं. पहिल्या तयारीच्या ज्या खुणा उरल्या होत्या, त्या एकाच माणसाच्या हाताशी जुळत होत्या: जेम्स डेव्हिडसनच्या. थोडक्यात, माइनर्ट्झहॅगनचा पक्षी मांडवीचा नव्हताच. म्युझियममधूनच चोरलेला तो शहाद्याकडचा जुना नमुना होता आणि त्याच्या पायाला खोटी चिठ्ठी बांधली होती. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी हे सारं १९९९ मध्ये पुराव्यांसह प्रसिद्ध केलं.

खोटी चिठ्ठी बाजूला केल्यावर उरल्या त्या फक्त खऱ्या चिठ्ठ्या. त्यांवर विसंबून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे तिघं नोव्हेंबर १९९७ मध्ये भारतात आले. पूर्वेकडच्या जुन्या जागा धुंडाळून झाल्या, काही मिळालं नाही. मग ते खानदेशात आले. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं, नंदुरबार जिल्हा १९९८ मध्ये झाला. २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या पायथ्याशी, एका निष्पर्ण झाडावर, भर उजेडात एक थोराड पिंगळा बसलेला किंग यांना दिसला. डोक्यावर ठिपके नाहीत, पायांवर पांढरी पिसं. त्यांनी त्याची छायाचित्रं घेतली, चित्रीकरण केलं. एकही गोळी न झाडता नोंद झाली.

मला या प्रसंगात सगळ्यांत मोठी वाटते ती डेव्हिडसनच्या अक्षरांची ताकद. त्यानं कागदाच्या चिटोऱ्यावर गावाचं नाव प्रामाणिकपणे लिहिलं. आपण लिहितोय त्याचा शंभर वर्षांनी काय उपयोग होईल, हे त्याला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. पण ते नाव खरं होतं, म्हणून माणसं बरोबर त्या रानात पोचली. शिवाय पक्षी तिथून कुठे गेलाच नव्हता. सातपुड्यातल्या भिल्ल आणि पावरा वस्त्यांवरच्या लोकांच्या कानांवरून त्याची हाक जातच असणार. ती कुणी टिपून ठेवली नाही, एवढंच.

पुढच्या काही वर्षांत भारतीय अभ्यासकांनी हा पक्षी नीट अभ्यासला. तो दिवसाही वावरतो, उघड्या फांदीवर बसून शेपटी डावी-उजवीकडे हलवतो, सरडे, उंदीर, बेडूक पकडतो आणि झाडांच्या ढोलीत घर करतो. मेळघाटात तो आहे, मध्य प्रदेशात आहे. २०१४ मध्ये तर मुंबईपासून फार लांब नसलेल्या तानसा अभयारण्यात तो दिसला. त्याच सुमारास दक्षिण गुजरातेतल्या पूर्णा अभयारण्यातही त्याची नोंद झाली. गुजरातेत तो निघाला म्हणजे माइनर्ट्झहॅगन खरा ठरला, असं कुणी म्हणेल. तसं नाही. अंदाजानं लिहिलेला आकडा उत्तराशी जुळला म्हणून गणित सुटलं, असं कुठले गुरुजी म्हणतील? खोटी नोंद सत्याच्या जवळपास पडली तरी ती खोटीच राहते.

रानपिंगळा २०१८ मध्ये ‘अतिशय संकटग्रस्त’ या वर्गातून ‘संकटग्रस्त’ वर्गात आला. तो वाढला असं नव्हे, तर आणखी ठिकाणी आहे हे नोंदींमुळे कळलं. सागाची मोकळी रानं तुटताहेत, जुनी ढोलीची झाडं जाताहेत. आणि घुबड अशुभ या समजुतीपायी त्याचा जीवही जातो. जिथे तो आहे हे कागदावर आहे, ते रान वाचवा असं म्हणता तरी येतं. जिथे नोंद नाही, तिथे तक्रारीलाही जागा नाही.

आता बंदूक नको, संग्रहालयही नको. नोंद साध्या माणसाच्या हातात आली आहे. २०२३ मध्ये भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा जो अहवाल प्रसिद्ध झाला, त्यात ९४२ जातींचा आढावा होता. तो ३०,००० हून अधिक पक्षी निरीक्षकांनी केलेल्या ३ कोटी नोंदींवर उभा होता. त्यांत शिक्षक होते, विद्यार्थी होते, डॉक्टर होते, निवृत्त मंडळी होती. कुणी गावच्या तळ्यावर मोजले, कुणी गच्चीवरून. कोणते पक्षी कमी होताहेत, हे अशा नोंदींतून कळतं.

महाराष्ट्रात २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळतात. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर सालिम अली यांचा. दोघंही आयुष्यभर वही जवळ बाळगून हिंडले. चितमपल्ली २०२५ च्या जूनमध्ये गेले, पण त्यांनी आदिवासींकडून, गावकऱ्यांकडून गोळा केलेली पक्ष्यांची मराठी नावं त्यांच्या ‘पक्षिकोशा’त आपल्यासाठी राहिली आहेत.

तुम्हालाही सुरुवात करायची असेल तर शंभर पानी वही पुरे. तारीख, वेळ, ठिकाण, पक्षी कोणता, किती, काय करत होता, एवढं लिहा. जे दिसलं तेच लिहा. ओळख पटली नाही तर ‘ओळखता आला नाही’ असं लिहा. त्यात कमीपणा नाही, उलट त्या वहीतल्या बाकीच्या नोंदींवरचा विश्वास त्यानं वाढतो. दुर्मीळ पक्ष्याच्या मागे धावू नका. आज चिमण्या किती दिसल्या, ते लिहिणारा माणूसही पन्नास वर्षांनंतरच्या कुणाला तरी रस्ता दाखवत असतो.

आणि एक करा. वही भरली की तिच्यावर नाव-गाव घाला, घरातल्यांना ती दाखवून ठेवा, जमलं तर तिची एक प्रत एखाद्या अभ्यासकाकडे पोचवा. दिवाळीची आवराआवर निघाली की घरातले जुने कागद आधी दाराशी येतात. ह्यूमसाहेबांची पंचवीस वर्षं तशीच गेली. तुमची जाऊ नयेत.