माग फोडणारे अडाणी नव्हते

मोबाईलवर पैसे न घेणाऱ्या आमच्या गल्लीतल्या शिंप्याला पोरं अडाणी म्हणतात. मला १८११ चं नॉटिंगहॅम आठवतं. नेड लडच्या नावानं तिथल्या कारागिरांनी मोजे विणायचे माग फोडले. यंत्राची भीती त्यांना नव्हतीच. जन्म मागावरच गेलेला! राग होता तो मजुरी कापून हलका माल काढणाऱ्या मालकांवर. १८१२ मध्ये संसदेनं माग फोडणाऱ्याला फाशीचा कायदा केला. कवी बायरन विरोधात बोलला, उपयोग झाला नाही. 'लडाईट' ही शिवीच झाली.

काल शिंप्याला विचारलं. म्हणाला, "हातात आले तर भाजी येते, खात्यात गेले की हप्त्यात जातात."

मंडळी, हसण्याआधी विचारत चला.